फोटोमागची जागा : वेफेअररवर नॉमिनेशन तपासण्याची पद्धत

पोकेमॉन गो किंवा इन्ग्रेस हे प्रत्यक्ष फिरून खेळायचे मोबाइल खेळ खेळताना आपण ज्या स्टॉपपाशी (पोकेमॉन गोमधले ठिकाण) अथवा पोर्टलपाशी (इन्ग्रेसमधले ठिकाण) थांबतो, ते ठिकाण नकाशावर आपोआप उगवलेले नसते. कोणा खेळाडूने त्या जागी उभे राहून फोटो काढलेला असतो, नाव आणि वर्णन लिहून तो पाठवलेला असतो आणि बहुतेक वेळा इतर खेळाडूंनी तो तपासून होकार दिलेला असतो. २०१२ मध्ये आलेल्या इन्ग्रेसच्या खेळाडूंनी पाठवलेली ठिकाणेच पुढे जुलै २०१६ मध्ये आलेल्या पोकेमॉन गोला मिळाली, आणि त्यामुळे डिसेंबर २०१६ मध्ये हा खेळ भारतात अधिकृतपणे सुरू झाला तेव्हा जिथे आधी इन्ग्रेस खेळणारे कोणी नव्हते तिथला नकाशा जवळजवळ रिकामाच होता. ही उणीव भरून काढण्याचे काम आजही चालू आहे. खेळाडूंकडून येणाऱ्या या प्रस्तावांना सगळेजण ‘नॉमिनेशन’ म्हणतात आणि ऑक्टोबर २०१९ पासून त्यांची तपासणी वेफेअरर या संकेतस्थळावर होते.

तपासणीचे निकष तिथे दिलेले आहेत, ते अधूनमधून बदलतात, आणि परीक्षक होण्याआधी एक छोटी चाचणीही द्यावी लागते. म्हणून निकषांची जंत्री इथे पुन्हा उतरवत नाही. निकष पाठ असूनही समोरच्या फोटोला ते लावायचे कसे, हा प्रश्न बहुतेकांना पडतो आणि महाराष्ट्रातली नॉमिनेशने तपासताना तो जास्तच पडतो, कारण वीरगळ, पार, तालीम, दीपमाळ किंवा प्याऊ हे शब्द त्या निकषांत कुठेच सापडत नाहीत.

मी स्वतः प्रत्येक नॉमिनेशनपुढे एकच प्रसंग डोळ्यांसमोर आणतो. परगावचा एखादा माणूस, जो त्या गल्लीत पूर्वी कधीही आलेला नाही, हा फोटो आणि हा नकाशा घेऊन पायी निघाला, तर त्याला ती वस्तू नेमकी सापडेल का, सापडल्यावर ‘बरे झाले आलो’ असे त्याला वाटेल का, आणि तिथे दोन-चार मिनिटे मोबाइलमध्ये डोके घालून उभा राहिला तर त्याला गाडीचा धक्का बसण्याचा किंवा घरमालकाने हटकण्याचा प्रसंग तर येणार नाही ना? फोटो सुंदर आहे की नाही, पाठवणाऱ्याला स्टॉपची किती निकड आहे, तो आपल्या ओळखीचा आहे का, या गोष्टी त्या परगावच्या माणसाच्या काहीच कामाच्या नाहीत.

बसण्यापूर्वी

शक्यतो संगणकावर तपासा. मोबाइलच्या पडद्यावर उपग्रहचित्र नीट दिसत नाही आणि फोटोच्या कोपऱ्यातली शाळेची पाटी सहज नजरेआड होते. वेफेअररमध्ये आपल्या घराच्या परिसराखेरीज आणखी एक बोनस ठिकाण निवडता येते. तिथे आपले मूळ गाव किंवा ज्या शहरात शिक्षण झाले ते शहर ठेवावे, कारण ओळखीच्या मुलखातला खोटेपणा जितका पटकन लक्षात येतो तितका कोणत्याही नियमपुस्तिकेने येत नाही. चिपळूणच्या माणसाने पुण्यात राहून चिपळूणची नॉमिनेशने तपासली तर त्याचे आणि चिपळूणचेही भले होते.

प्रत्येक नॉमिनेशनसाठी ठरावीक वेळ मिळतो आणि तो पुरेसा असतो. फार भराभर होकार-नकाराचे अंगठे वर-खाली करत गेल्यास यंत्रणा काही काळ तपासणी थांबवते, आणि तसे होणे योग्यच आहे.

कोणत्या क्रमाने पाहावे

पडद्यावर सर्वांत आधी मुख्य फोटो येतो आणि नेमकी तिथेच फसगत होते. संध्याकाळच्या उन्हात न्हाऊन निघालेल्या मंदिराचा फोटो पाहिला की मन तिथल्या तिथे होकार देऊन टाकते आणि नंतर आपण नकाशा पाहतो तो केवळ त्या होकाराला आधार शोधण्यासाठी. म्हणून क्रम उलटा करावा. आधी नकाशा आणि उपग्रहचित्र पाहावे, मग सभोवताल दाखवणारा पूरक फोटो, त्यानंतर पाठवणाऱ्याने दिलेले स्पष्टीकरण आणि सर्वांत शेवटी मुख्य फोटो. नकाशावर टाचणी एखाद्या घराच्या छपरावर आहे, आणि फोटोत मात्र मोकळे मैदान दिसते, हा विसंवाद या क्रमाने पाहिल्यास पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतो.

यानंतर प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात : जागा उचित आहे का, सुरक्षित आहे का, माहिती खरी आहे का, वस्तू कायमस्वरूपी आणि वेगळी ओळखू येणारी आहे का, आणि ती नवे काही पाहण्याच्या, व्यायामाच्या किंवा लोकांनी एकत्र येण्याच्या उपयोगाची आहे का. या शेवटच्या तीन उपयोगांपैकी एक जरी ठामपणे लागू झाला तरी पुरते. तालमीत व्यायाम होतो म्हणून ती चालते, ती ऐतिहासिक असण्याची गरज नाही. सार्वजनिक वाचनालयात लोक जमतात म्हणून ते चालते, त्याची इमारत साधी पत्र्याची असली तरी बिघडत नाही. उत्तर देता येत नसेल तेव्हा ‘माहीत नाही’ हा पर्यायही आहे आणि तो वापरण्यात कमीपणा नाही.

फोटो वाचणे

मुख्य फोटोत वस्तू पूर्ण, सरळ आणि मध्यभागी दिसावी, एवढी अपेक्षा पुरेशी आहे. वीरगळाचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतिशिलेचे, उदाहरण घेऊ. वीरगळावरचे कप्पे खालून वर वाचायचे असतात : तळाशी लढाई किंवा पडलेला वीर, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. पाठवणाऱ्याने केवळ मधल्या कप्प्याचा जवळून फोटो काढला, तर तो कोरीव कामाचा नमुना म्हणून छान दिसेल. पण मंदिराबाहेर एका ओळीत सहा दगड उभे असताना त्यातला कोणता, हे परगावच्या माणसाला कळणार नाही. असा फोटो एवढ्याच कारणासाठी नाकारावा असे मी म्हणणार नाही, कारण नंतर अधिक चांगला फोटो जोडता येतो. मात्र पूरक फोटोतही पूर्ण दगड दिसत नसेल तर जागा पटत नाही, असे समजावे. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. असा विषय असेल तर वर्णनात त्याचा उल्लेख असणे ही पाठवणारा खरोखर तिथे जाऊन आल्याची चांगली खूण असते.

गधेगाळाचा प्रश्न मात्र नाजूक आहे. शिलाहारकाळापासून दिसणाऱ्या या दानशिलांवर वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्रीचे शिल्प असते. दान मोडणाऱ्याला दिलेली ती कोरीव शिवीच आहे. ज्याला ही परंपरा माहीत नाही तो परीक्षक हे अश्लील म्हणून नाकारू शकतो. माझे मत असे की दगड पूर्ण दाखवणारा, लेख आणि चंद्र-सूर्य फ्रेममध्ये घेणारा फोटो हा ऐतिहासिक वस्तूचा फोटो आहे आणि त्याला होकार द्यावा. केवळ खालच्या शिल्पावर रोखलेला, चावट शीर्षकाचा फोटो आला तर नकार द्यावा. वस्तू एकच असली तरी तिच्याकडे पाहण्याची पाठवणाऱ्याची दृष्टी फोटोत उतरते आणि परीक्षकाला ती दिसली पाहिजे.

माणसांच्या बाबतीत नियम असा आहे की माणूस फोटोचा विषय होऊ नये. उत्सवाच्या दिवशी मंदिरापुढे भाविक दिसणारच, आणि दूरवरच्या गर्दीवरून फोटो नाकारणे हा निव्वळ काटेकोरपणा आहे. पण मूर्तीशेजारी पाठवणारा स्वतः हसत उभा असेल, किंवा हातात धरलेला मोबाइल व बोटे दिसत असतील, तर तो फोटो चालणार नाही. गाडीची नंबरप्लेट स्पष्ट वाचता येणारा फोटोही चालत नाही, आणि आपल्याकडे कोणत्याही चौथऱ्यापुढे दोन मोटारसायकली उभ्या असतातच, त्यामुळे हे कारण वारंवार लागू पडते. जिवंत प्राणी फोटोचा विषय नको, हे मारुतीच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्याला लागू करू नये. तो कोपऱ्यात आहे, विषय नाही. चालत्या गाडीच्या काचेतून काढलेला, अंधारात फ्लॅशने पांढरा पडलेला, किंवा फिल्टर लावून आकाश जांभळे केलेला फोटो सरळ नाकारावा.

दुसऱ्याचा फोटो उचलून पाठवण्याचा प्रकार ओळखणे थोडे सरावाचे काम आहे. वॉटरमार्क असेल तर प्रश्नच मिटतो. संगणकाच्या पडद्यावरून मोबाइलने फोटो काढला असेल तर आडव्या-उभ्या बारीक लाटांची जाळी दिसते आणि कडेला पडद्याची चौकट किंवा दिव्याचे प्रतिबिंब सापडते. सर्वांत उपयोगी खूण ऋतूची आहे. मुख्य फोटोत सह्याद्री हिरवागार, बुरुजावर शेवाळ आणि वर ढग, आणि पूरक फोटोत तोच परिसर वैशाखातला, पिवळा पडलेला. हे दोन फोटो एकाच दिवशी काढलेले नाहीत, एवढे तर नक्की. एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही, कारण पावसाळ्यात काढलेला स्वतःचाच जुना फोटो कोणी वापरू शकतो. पण अशा वेळी मी त्या गडाचे फोटो शोधून पाहतो आणि हुबेहूब तीच चौकट कुठे मिळाली तर नकार देतो.

गडांवरच्या पावसाळी फोटोंबद्दल आणखी एक गोष्ट. नुसते धुके दिसणारा फोटो कितीही काव्यमय असला तरी तो कोणत्या दरवाजाचा आहे हे सांगत नसेल तर निरुपयोगी आहे.

आधीपासून असलेल्या ठिकाणासाठी नवे फोटो पाठवले जातात, त्यांची तपासणी वेगळी असते. तिथे न चालणारे फोटो निवडायचे असतात, आवडणारे नव्हेत. आणि सर्व फोटो चालण्याजोगे असतील तर तसे सांगण्याचा पर्याय असतो. कित्येक परीक्षक इथे सौंदर्यस्पर्धा भरवतात आणि जरा फिकट फोटो दिसला की त्यावर बोट ठेवतात. तसे करू नये. फिका पण खरा फोटो नाकारण्याचे कारण नसते.

टाचणी कुठे आहे

महाराष्ट्रात जागेची खातरजमा करणे फार काळ अवघड होते, कारण गूगलचे स्ट्रीट व्ह्यू भारतात उपलब्धच नव्हते. जुलै २०२२ मध्ये ते दहा शहरांत सुरू झाले आणि त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, यांचा समावेश होता. जिथे रस्त्याचे असे चित्रण नाही तिथे लोकांनी स्वतः काढून चढवलेले गोल फिरवता येणारे फोटो कधीकधी सापडतात. तेही नसतील तर उपग्रहचित्र आणि पूरक फोटो एवढ्याच आधारावर निर्णय घ्यावा लागतो. उपग्रहचित्रात छोटी देवळी दिसणार नाही, झाडाखालचा पार तर मुळीच दिसणार नाही. म्हणून वस्तूऐवजी तिच्या शेजाऱ्यांना शोधावे : पूरक फोटोत डाव्या हाताला पाण्याची टाकी आणि मागे निळ्या पत्र्याची शेड असेल, तर वरून टाकीचे वर्तुळ आणि निळा चौकोन दिसायला हवा. ते जुळले की टाचणी बरोबर मानावी.

टाचणी मुद्दाम सरकवण्यामागे काय हेतू असतो हे माहीत असलेले बरे. इन्ग्रेसमध्ये पोर्टलशी व्यवहार करण्यासाठी चाळीस मीटरच्या आत यावे लागते. पोकेमॉन गोमध्ये हे अंतर २०२० मध्ये ऐंशी मीटर झाले. ज्याच्या घरापासून मंदिर शंभर मीटरवर आहे त्याने टाचणी पंचवीस-तीस मीटर आपल्या बाजूला सरकवली की गादीवर लोळत स्टॉप फिरवता, म्हणजे वापरता, येतो. शिवाय पोकेमॉन गोमध्ये नकाशाच्या सुमारे सत्तर मीटर बाजूच्या चौकोनात सर्वसाधारणपणे एकच स्टॉप दिसतो, त्यामुळे शेजारच्या रिकाम्या चौकोनात टाचणी ढकलण्याचा मोह होतो. दोन-पाच मीटरची चूक जीपीएसची असते, ती सोडून द्यावी; टाचणी रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतीत गेली असेल तर मात्र ती दुरुस्त सुचवावी, आणि ठिकाणच बनावट वाटत असेल तर माहिती खोटी असल्याचे नोंदवावे. एखादे ठिकाण खेळात दिसेल की नाही, तो चौकोन भरलेला आहे का, याचा विचार परीक्षकाने करू नये. वस्तू योग्य असेल तर होकार द्यावा, पुढचे ज्याचे त्याने पाहावे.

एकच की दोन

जवळपासचे जुने ठिकाण दिसले की ते नवे नॉमिनेशन ‘आधीच आहे’ असे ठरवून मोकळे होण्याची घाई अनेकांना असते. मुंबईच्या हुतात्मा चौकात १८६४ मध्ये उभारलेले फ्लोरा फाउंटन आहे आणि त्याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारकही आहे. दोन्ही पायी मिनिटाभराच्या अंतरावर आहेत आणि एकाच्या फोटोत दुसरे सहज येते, तरी ती स्वतंत्र ठिकाणे आहेत. उलट खुल्या व्यायामशाळेतले प्रत्येक यंत्र वेगळे ठिकाण मानू नये. सगळी मिळून एक जागा होते. मंदिर, त्यापुढची दीपमाळ आणि आवारातला वीरगळ यांपैकी प्रत्येकाला स्वतःची ओळख असेल तर मी ती वेगळी मानतो, पण मंदिराच्या चारही कोपऱ्यांचे चार फोटो म्हणजे चार ठिकाणे नव्हेत.

खरी दुबार नोंद आपल्याकडे लिपीमुळे आणि नावामुळे होते. एकच देऊळ एकाने रोमन अक्षरांत, दुसऱ्याने देवनागरीत, एकाने मारुती म्हणून आणि दुसऱ्याने हनुमान म्हणून पाठवलेले असते. शीर्षकांवर न जाता जुन्या ठिकाणाचा फोटो उघडून कळस, रंग आणि पायऱ्या ताडून पाहाव्यात.

नावे

‘हनुमान मंदिर’ एवढेच शीर्षक असले तर नाकारण्याचे कारण नाही, पण गावाचे किंवा आळीचे नाव जोडलेले असते तर बरे झाले असते असे नेहमी वाटते. याच्या उलट टोकाला पुणे आहे. खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, डुल्या मारुती, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा ही तिथल्या देवळांची खरी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नावे आहेत, आणि बाहेरच्या परीक्षकाला ती टवाळी किंवा देवाचा अपमान वाटण्याचा पुरेपूर संभव आहे. आपल्याला नाव विचित्र वाटले तर अंगठा खाली करण्याआधी ते नकाशावर शोधावे. मुंबईच्या प्याऊंचेही तसेच आहे. मशीद बंदर भागातला केशवजी नायक प्याऊ १८७६ मधला आहे, ज्याला ‘प्याऊ’ म्हणजे वाटसरूंसाठी दानधर्मातून बांधलेली पाणपोई हे माहीत नाही, त्याला ते शीर्षक अर्थहीन वाटेल.

शीर्षकात खेळाडूचे टोपणनाव, इमोजी किंवा ‘कृपया मंजूर करा’ अशी विनवणी असेल तर नकार द्यावा. शुद्धलेखनाच्या चुकांवर ठिकाण बुडवू नये. त्या नंतर सुधारता येतात.

जिथे नकारच द्यावा

काही बाबतींत फोटो कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. बारावीपर्यंतची शाळा, अंगणवाडी, पाळणाघर यांच्या आवारातली कोणतीही वस्तू चालत नाही, मग तो सावित्रीबाईंचा पुतळा का असेना. गावाकडे हा नियम कठीण जातो, कारण ग्रामपंचायत, समाजमंदिर आणि जिल्हा परिषदेची शाळा पुष्कळदा एकाच मोकळ्या पटांगणाभोवती असतात. अशा वेळी कुंपण कुठून जाते हे उपग्रहचित्रात पाहावे. समाजमंदिराला स्वतंत्र रस्ता असेल तर ते घ्यावे, शाळेच्या फाटकातूनच जावे लागत असेल तर सोडावे. महाविद्यालयाला ही बंदी लागू नाही.

एका कुटुंबाच्या खासगी घराच्या जागेतले तुळशीवृंदावन, कुलदैवताची घुमटी, अंगणातले जुने जाते हे सर्व बाद. मात्र अनेक बिऱ्हाडे राहतात त्या सोसायटीच्या आवारातली बाग, क्लबहाउस किंवा सर्वांचे गणेशमंदिर चालू शकते. तिथे सर्वांना प्रवेश नाही, एवढ्यावरून नाकारू नये, कारण काही लोकांना तरी पायी आणि हक्काने तिथे जाता येते. रुग्णालयाचे आपत्कालीन प्रवेशद्वार, अग्निशमन केंद्र, पोलीस ठाणे यांच्या कामात अडथळा येईल अशी जागा नको. देवळाली, खडकी किंवा कुलाब्यासारख्या भागांत लष्करी हद्द कुठून सुरू होते ते नीट पाहावे, कारण तिथे परगावचा माणूस मोबाइल रोखून उभा राहिला तर त्याची अडचण केवळ खेळापुरती राहणार नाही.

केवळ निसर्गनिर्मित गोष्टही चालत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहताना श्वास रोखला जातो, तरी तो कडा म्हणून पात्र ठरत नाही. त्याच गडावरचे केदारेश्वराचे लेणे मात्र माणसाने खोदलेले आहे आणि ते चालते. धबधबा नाही, पण धबधब्याची माहिती देणारा पक्का फलक चालतो. वडाचे झाड नाही, पण त्याभोवती बांधलेला आणि गावाची संध्याकाळ जिथे भरते तो पार चालतो, आणि मला विचाराल तर यापेक्षा चांगले ठिकाण शोधून सापडणार नाही.

तात्पुरत्या गोष्टींचा आपल्याकडे सुकाळ आहे. गणेशोत्सवाचा मंडप दहा दिवसांनी उतरतो, म्हणून तो बाद. त्याच मंडळाचे वर्षभर उघडे असणारे मंदिर असेल तर ते पात्र, फक्त टाचणी मंडपाच्या जागी नसून मंदिराच्या जागी हवी. वाढदिवसाचा फ्लेक्स किंवा लॅमिनेट करून झाडाला बांधलेला ‘चालण्याचा मार्ग’ असा कागद ठिकाण म्हणून पाठवणारे महाभागही भेटतात. त्यांचे कल्पनाशक्तीबद्दल कौतुक करावे आणि नकार द्यावा.

सर्वांत अवघड प्रश्न चौकातल्या पुतळ्यांचा. वाहतुकीच्या वर्तुळाच्या मधोमध, लोखंडी कुंपणात, अश्वारूढ पुतळा उभा आहे आणि चोहोबाजूंनी बस व ट्रक फिरत आहेत. पुतळा कायमस्वरूपी आहे, ओळखीचा आहे, गावाचा अभिमान आहे. पण तिथे पायी सुरक्षितपणे पोहोचता येते का? झेब्रा पट्टे वर्तुळापर्यंत जात असतील किंवा कुंपणाबाहेर पदपथ असेल तर होकार द्यावा. तसे काहीही नसेल, जयंतीच्या दिवशी रस्ता बंद करूनच हार घालता येत असेल, तर भावनेला बाजूला ठेवून सुरक्षिततेच्या प्रश्नावर अंगठा खाली करावा. मी सुरुवातीला असे कितीतरी पुतळे केवळ आदरापोटी मंजूर केले होते, आणि एकदा अशाच एका चौकात एक मुलगा पुतळ्याच्या कठड्याकडे जाताना रिक्षाखाली येता येता वाचला, तेव्हापासून मी तो प्रश्न वगळत नाही.

मोबदला आणि दडपण

इतर परीक्षकांशी आपला निर्णय जुळला की वेफेअरर त्याची नोंद ठेवते, आणि अशा नोंदी साठल्या की आपले एखादे नॉमिनेशन लवकर तपासणीस जाण्याची सवलत मिळते. यातून ‘बाकीचे काय म्हणतील’ हे ओळखून मत देण्याची सवय लागते, आणि स्थानिक माहितीचा सारा उपयोगच त्या सवयीने संपतो. खुन्या मुरलीधराला दहा जण नकार देतील असा अंदाज असला तरी ज्याला ते देऊळ ठाऊक आहे त्याने होकारच द्यायला हवा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर ‘माझे नॉमिनेशन आले तर बघा’ असे निरोप फिरतात. मत ठरवून देणे हा नियमभंग आहे आणि त्यात खाते गमावण्याचा धोका आहे. गटात निकषांची चर्चा जरूर करावी, अडलेल्या फोटोबद्दल सर्वसाधारण प्रश्नही विचारावा. पण अमुक ठिकाण मंजूर करायचे, असे ठरवू नये. शेजारच्या गल्लीतला प्रतिस्पर्धी गटाचा खेळाडू पोर्टल मागतो आहे म्हणून नकार देणे, हा त्याच दुखण्याचा दुसरा चेहरा आहे.

नकार देताना कारण नेमके निवडावे. पाठवणारा पुन्हा प्रयत्न करतो किंवा निर्णयाविरुद्ध दाद मागतो, तेव्हा त्याच्या हाती ते कारणच असते. टाचणी चुकली असताना ‘जागा पात्र नाही’ असे नोंदवले की तो ते ठिकाण कायमचे सोडून देतो.

अलीकडे वारंवार समोर येणारा एक प्रकार सांगतो. गावोगावी जुन्या दगडी देवळांचा जीर्णोद्धार होतो, म्हणजे बहुधा दगड जाऊन स्लॅब, टाइल्स आणि चमकदार रंग येतात. मग कोणी त्या ठिकाणासाठी नवा फोटो पाठवतो आणि परीक्षकाला जुन्या फोटोतले काळेशार देऊळ व नव्यातली गुलाबी इमारत यांत काहीच साम्य दिसत नाही. ‘चुकीच्या जागेचा फोटो’ म्हणून त्यावर बोट ठेवण्याआधी देवळाच्या भोवताली पाहावे. दीपमाळ, पिंपळ, समोरची विहीर, मागच्या डोंगराची कड यांना जीर्णोद्धार सहसा शिवत नाही. त्यांतल्या दोन गोष्टी जुळल्या तर देऊळ तेच आहे. नवा फोटो आपल्याला आवडो न आवडो, उद्या तिथे जाणाऱ्याला गुलाबी इमारतच दिसणार आहे, म्हणून तो राहू द्यावा.